परक्या भाषेची अट : अमेरिकेतील माध्यमिक शाळांचा अनुभव

माध्यमिक शाळेचा शेवटचा उंबरठा ओलांडताना विद्यार्थ्याला एखादी परकी भाषा आली पाहिजे की नाही, हा प्रश्न बहुतेक देशांत कधी ना कधी उपस्थित झालेला आहे. आपल्याकडे तो निघाला की चर्चा थेट इंग्रजीवर येते, आणि इंग्रजीवर आली की ती तापते. तापलेल्या चर्चेत प्रश्नाचे अवयव नीट दिसत नाहीत. म्हणून आज आपण हा प्रश्न जरा दूर नेऊन पाहू. जेथे बहुसंख्य लोकांची भाषाच इंग्रजी आहे आणि ज्यांना रोजच्या व्यवहारासाठी दुसऱ्या भाषेची फारशी निकड भासत नाही, त्या अमेरिकेत ही अट कशी आली, कशी ढिली पडली, पुन्हा कशी आली आणि तिने काय साधले, एवढाच आजचा विषय आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात ठेवावा, म्हणजे पुढील सारा इतिहास सुसंगत लागेल. भाषेची अट दोन प्रकारांनी घालता येते. ‘इतकी वर्षे वर्गात बसा’ ही एक अट, आणि ‘इतके येऊन दाखवा’ ही दुसरी. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण पहिलीत काळ मोजला जातो आणि दुसरीत ज्ञान. अमेरिकेने सुमारे शंभर वर्षे मुख्यतः पहिली अट घातली आणि दुसरीच्या फळाची अपेक्षा केली. ही अपेक्षा का पुरी झाली नाही, हे समजले म्हणजे आपल्या प्रश्नाचाही बराचसा उलगडा होतो.

अट घालतो कोण?

अमेरिकेत शिक्षण हा विषय केंद्र सरकारच्या हाती नसून राज्यांच्या हाती आहे, आणि राज्यांनीही त्यातील पुष्कळ अधिकार गावोगावच्या शाळा-मंडळांकडे सोपविलेले आहेत. आपल्या दहावी-बारावीसारखी साऱ्या देशाला लागू असलेली शालान्त परीक्षा तेथे नाही. विद्यार्थ्याने चार वर्षांत अमुक इतके विषय अमुक इतकी वर्षे पुरे केले, म्हणजे त्याला शाळा पूर्ण केल्याची पदविका मिळते. इंग्रजीची चार वर्षे, गणिताची दोन किंवा तीन, अशी ही बेरीज असते. ह्या बेरजेतील एका आकड्याला तेथे ‘युनिट’ किंवा ‘क्रेडिट’ म्हणतात.

ह्या ‘युनिट’चा जन्म मोठा मौजेचा आहे. त्याचे मूळ शिक्षणशास्त्रात नाही, ते प्राध्यापकांच्या पेन्शनीत आहे. पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी ह्यांनी १९०५ साली महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या पेन्शनीसाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. ती वाटावयाची, तर कोणती संस्था खरी महाविद्यालय आणि कोणती नुसती वरच्या इयत्तांची शाळा, हे आधी ठरवावयास हवे. त्यासाठी कार्नेगी प्रतिष्ठानाने नियम केला, की ज्या महाविद्यालयात प्रवेशासाठी माध्यमिक शाळेतील निदान चौदा युनिटे लागतात, तेच खरे महाविद्यालय. आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन. पेन्शन कोणाला नको असते? महाविद्यालयांनी नियम स्वीकारला, महाविद्यालयांसाठी शाळांनी स्वीकारला, आणि पाहता पाहता साऱ्या देशाचे माध्यमिक शिक्षण तासांच्या मापाने मोजले जाऊ लागले. भाषाही त्याच मापात बसली. तेव्हापासून ‘दोन वर्षांची फ्रेंच’, ‘तीन वर्षांची स्पॅनिश’ असे शब्द रूढ झाले. कापड वारांनी मोजावे तशी भाषा वर्षांनी मोजली जाऊ लागली.

लॅटिनचे दिवस आणि जर्मनचे निर्वासन

त्याआधी काय होते? १८९२ साली अमेरिकेतील राष्ट्रीय शिक्षण संघाने हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची एक समिती नेमली. माध्यमिक शाळेत काय शिकवावे, हे तिने ठरवावयाचे होते. तिने चार अभ्यासक्रम सुचविले आणि त्या चारांपैकी एकही परक्या भाषेवाचून नव्हता. ज्याला महाविद्यालयात जावयाचे आहे त्याला एक शिक्षण आणि ज्याला नाही त्याला दुसरे, असा भेद करू नये, हेही तिने स्पष्ट सांगितले. १९०० च्या सुमारास सार्वजनिक माध्यमिक शाळांतील निम्मे विद्यार्थी लॅटिन शिकत होते. मात्र त्या काळी माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचणारी मुले मुळातच थोडी होती, हे विसरून चालणार नाही.

जिवंत भाषांमध्ये जर्मन आघाडीवर होती. मध्य-पश्चिमेकडील राज्यांत जर्मन शेतकऱ्यांच्या वसाहतीच्या वसाहती होत्या. त्यांची चर्चे, वृत्तपत्रे व शाळा जर्मन भाषेत चालत. १९१५ साली माध्यमिक शाळांतील जवळजवळ चौथा हिस्सा विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि ही भाषा एकाएकी शत्रूची भाषा झाली. आयोवा राज्याचे गव्हर्नर हार्डिंग ह्यांनी मे १९१८ मध्ये एक जाहीरनामा काढला. शाळेत, सार्वजनिक जागी, आगगाडीत, टेलिफोनवर, इतकेच नव्हे तर चर्चमधील प्रवचनातही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरू नये, असे त्यात फर्मावले होते. १९२२ साली जर्मन शिकणाऱ्या माध्यमिक विद्यार्थ्यांचे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले होते. सात वर्षांत चौथाईवरून जवळजवळ शून्यावर!

ह्याच लाटेत १९१९ साली नेब्रास्का राज्याने एक कायदा केला. आठवी इयत्ता उत्तीर्ण होण्यापूर्वी कोणत्याही मुलाला कोणत्याही शाळेत परकी भाषा शिकवणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. रॉबर्ट मायर नावाचे एक शिक्षक त्या राज्यातील एका ल्युथरपंथी शाळेत शिकवीत होते. मे १९२० मध्ये दहा वर्षांच्या एका मुलाला ते बायबलातील गोष्टींच्या पुस्तकावरून जर्मन वाचावयास शिकवीत असल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांना पंचवीस डॉलर दंड झाला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने दंड कायम केला. मायर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ जून १९२३ रोजी त्या न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताधिक्याने निर्णय दिला, की घटनेने दिलेल्या स्वातंत्र्यात शिक्षकाचा शिकवण्याचा अधिकार आणि आईबापांचा मुलाला शिकवून घेण्याचा अधिकार येतो; सर्वांना इंग्रजी यावी हा राज्याचा हेतू योग्य असला, तरी शांततेच्या काळात नुसते जर्मन भाषेचे ज्ञान अपायकारक मानता येणार नाही.

हा निकाल अमेरिकन कायद्यात आजही आधारभूत मानला जातो. परंतु निकालाने अधिकार मिळाला, वर्ग परत भरले नाहीत. शाळांतून गेलेली जर्मन पूर्वीच्या प्रमाणात कधीच परतली नाही. भाषेचा वर्ग मोडावयास दोन-चार वर्षे पुरतात. उभा करावयास पिढी लागते, कारण त्याला आधी शिक्षक तयार करावे लागतात. शिवाय ह्या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली. ज्या मुलांच्या घरी आजी-आजोबा जर्मन बोलत होते, त्यांचे हाती असलेले ज्ञान देशाने फेकून दिले. पुढे त्याच देशाला परकी भाषा येणारी माणसे पैसे खर्चून तयार करावी लागली.

दोन वर्षांत काय येते?

युद्धानंतर परक्या भाषांना उतरती कळा लागली. माध्यमिक शाळेत आता सर्व थरांतील मुले येऊ लागली होती, आणि व्यवसाय, आरोग्य, नागरिकत्व ह्या विषयांना जागा हवी होती. बहुसंख्य विद्यार्थी दोनच वर्षे भाषा शिकून ती सोडून देत. १९२९ साली अल्जर्नन कोलमन ह्यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा, की दोन वर्षांत बोलणे, लिहिणे, ऐकणे हे सारे साधणे शक्य नाही. तेव्हा निदान वाचता यावे एवढेच ध्येय ठेवावे. ही सूचना प्रामाणिक होती. पण तिचा परिणाम असा झाला, की एका पिढीने परकी भाषा म्हणजे शब्दार्थांच्या वह्या आणि भाषांतराचे धडे एवढेच पाहिले. वर्षे ठरलेली होती. त्या वर्षांत बसेल एवढे ध्येय कापून घेतले गेले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला आणि अमेरिकेला एकदम जाग आली. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९५८ मध्ये, राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याचे नाव लक्षात घ्या : शिक्षणाच्या कायद्यात ‘संरक्षण’ हा शब्द आहे. गणित व विज्ञान ह्यांच्या बरोबरीने परक्या भाषांना केंद्र सरकारचा पैसा मिळाला. शाळांतून ध्वनिमुद्रणाची यंत्रे लावलेल्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, शिक्षकांसाठी वर्ग निघाले, विद्यापीठांत रशियन, चिनी, अरबी ह्यांच्यासारख्या भाषांना आणि आपल्या हिंदी-उर्दूलाही स्थान मिळाले. पण साठीनंतरच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठांतून सक्तीच्या विषयांविरुद्ध वारे वाहू लागले. प्रवेशासाठी परकी भाषा मागणाऱ्या महाविद्यालयांचे प्रमाण १९६६ मध्ये शंभरात ३४ होते. अध्यक्ष कार्टर ह्यांनी नेमलेल्या आयोगाने १९७९ मध्ये अहवाल दिला, तेव्हा ते अवघे ८ उरले होते. वरच्या दाराची अट गेली, की खालच्या वर्गातील बाके रिकामी होतात.

१९८३ साली ‘राष्ट्र धोक्यात’ अशा अर्थाच्या नावाचा एक सरकारी अहवाल आला आणि चक्र पुन्हा फिरले. महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांनी माध्यमिक शाळेत दोन वर्षे परकी भाषा घ्यावी, अशी त्याची आग्रहाची शिफारस होती. त्याच अहवालात दुसऱ्या एका ठिकाणी असेही म्हटले आहे, की भाषेत प्रावीण्य येण्यास सामान्यतः चार ते सहा वर्षे लागतात आणि म्हणून आरंभ प्राथमिक शाळेतच व्हावा. पहिली सूचना स्वस्त होती, ती पुष्कळ ठिकाणी उचलली गेली. दुसरी खर्चाची होती, ती बहुतांशी अहवालातच राहिली.

थोडा हिशेब करू. दोन युनिटे म्हणजे २४० तास. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवण्याची संस्था चालवते. तिच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला कचेरीचे काम करण्याइतकी स्पॅनिश येण्यास वर्गातील सहाशे ते साडेसातशे तास लागतात. हिंदीला सुमारे अकराशे. चिनी, जपानी किंवा अरबीला सुमारे बावीसशे. आणि हे विद्यार्थी निवडक, प्रौढ, दिवसभर हेच एक काम करणारे असतात. शाळेतल्या मुलाला राजदूताच्या कचेरीत बसावयाचे नाही, हे खरे. तरीही २४० तासांत, तीस मुलांच्या वर्गात, आठवड्याला चार-पाच तास मिळत असता, प्रत्येकाच्या तोंडून भाषा किती वेळ बाहेर पडणार? दोन वर्षे बसून उठलेल्या मुलाला वाट विचारता आली नाही, तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही. मापच अपुरे होते.

आजचे चित्र

आज निरनिराळ्या राज्यांच्या अटी निरनिराळ्या आहेत. न्यू यॉर्क राज्यात नेहमीच्या पदविकेला परक्या भाषेचे एक युनिट लागते आणि वरच्या दर्जाच्या पदविकेला सामान्यतः तीन. कॅलिफोर्निया राज्याची किमान अट परकी भाषा, ललित कला किंवा व्यवसाय-शिक्षण ह्यांपैकी कोणत्याही एकाचे एक वर्ष पुरे केले की भागते. पण त्याच राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेश हवा असेल, तर एकाच परक्या भाषेची दोन वर्षे लागतात. शाळा पूर्ण करण्याची अट वेगळी आणि पुढचे दार उघडण्याची अट वेगळी, ही गोष्ट ज्या घरात कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, त्या घरातील मुलाला पुष्कळदा फार उशिरा कळते. टेक्सास राज्यात एकाच भाषेची दोन क्रेडिटे लागतात; परंतु २०१३ च्या कायद्यानंतर त्या भाषेच्या जागी संगणकाच्या आज्ञावलीची भाषा घेतली तरी चालते. दोघींना ‘भाषा’ म्हणतात एवढ्या साम्यावर ही अदलाबदल उभी आहे. संगणकाची विद्या अवश्य शिकावी. पण तिने शेजारच्या स्पॅनिश भाषक म्हातारीशी बोलता येत नाही.

मग ‘येऊन दाखवा’ ही अट का घातली जात नाही? कारण परीक्षेला पैसा लागतो. न्यू यॉर्क राज्य पूर्वी परक्या भाषांच्या राज्यव्यापी परीक्षा घेत असे. खर्चात काटकसर करावयाची वेळ आली, तेव्हा २०११ पर्यंत त्या बंद करण्यात आल्या. वर्गात बसण्याची नोंद ठेवणे फुकट असते; येते की नाही हे तपासणे फुकट नसते. बसण्याची अट शंभर वर्षे टिकून राहिली, त्याचे एक साधे कारण हे आहे.

अट काढून टाकली तर?

कोणी म्हणेल, अटीने जर भाषा येत नसेल, तर अटच काढून टाकावी. हा प्रयोग इंग्लंडने करून पाहिला आहे. तेथे सोळाव्या वर्षापर्यंत परकी भाषा अनिवार्य होती. २००४ साली चौदाव्या वर्षानंतर ती ऐच्छिक करण्यात आली. २००२ मध्ये सोळाव्या वर्षाच्या सार्वजनिक परीक्षेला परकी भाषा घेणारी मुले शंभरात सुमारे ७६ होती. २०११ मध्ये ती सुमारे ४० वर आली. ही गळती सर्वत्र सारखी झाली नाही. फी भरून शिकणाऱ्या मुलांच्या खाजगी शाळांत भाषा बऱ्याच अंशी टिकली. गरीब वस्त्यांतील सरकारी शाळांत ती झपाट्याने गेली. विषय ऐच्छिक झाला, की शाळा शिक्षक नेमत नाही, आणि शिक्षक नसला म्हणजे इच्छा असूनही विषय घेता येत नाही. म्हणजे सक्तीचा एक उपयोग आहे : ती मुलावर जितकी असते, तितकीच शाळेवरही असते. गरीब मुलाच्या वर्गात भाषेचा शिक्षक पाठवणे तिच्यामुळे भाग पडते.

घरातील भाषेचा मान

अलीकडे अमेरिकेत एक वेगळी वाट निघाली आहे. कॅलिफोर्नियात १९९८ साली लोकमत घेऊन दुभाषी शिक्षणावर कडक मर्यादा घालण्यात आल्या होत्या. त्याच राज्याने २०११ मध्ये कायदा करून शालान्त पदविकेवर ‘द्विभाषासाक्षरते’ची मुद्रा उठवण्याची योजना सुरू केली, आणि २०१६ मध्ये नव्या लोकमताने त्या जुन्या मर्यादाही बव्हंशी उठवल्या. इंग्रजीबरोबर दुसऱ्या एका भाषेत बोलणे, वाचणे व लिहिणे येते, हे जो विद्यार्थी सिद्ध करील, त्याला ही मुद्रा मिळते. ती भाषा त्याने कोठे शिकली, किती तास शिकली, हे मुख्य नव्हे. न्यू यॉर्कने लगेच अनुकरण केले आणि पुढील दशकभरात बहुतेक राज्यांनी ही योजना घेतली.

ह्यात आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की ही भाषा फ्रेंच-स्पॅनिशच असली पाहिजे असे नाही. व्हिएतनामी आईचे मूल, पंजाबी शेतकऱ्याची मुलगी, आर्मेनियन दुकानदाराचा मुलगा ह्यांना घरात मिळालेली भाषा प्रथमच पदविकेवर मोजली जाऊ लागली. अमेरिकेत गेलेली आपली मराठी कुटुंबे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने गावोगाव सुटीच्या दिवशी मराठी शाळा चालवतात. जेथे मराठीची मान्य परीक्षा उपलब्ध होते, तेथे अशा शाळेतील मुलालाही हा मान मिळू शकतो. मात्र नुसते घरी बोलता येणे पुरत नाही. वाचणे-लिहिणेही यावे लागते. मायर मास्तरांच्या काळात ज्या ज्ञानाबद्दल दंड होत असे, त्याच प्रकारच्या ज्ञानाबद्दल आता मुद्रा मिळते, एवढा हा फेर आहे.

ह्या योजनेचे गुण गाताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती अट नाही, ऐच्छिक मान आहे. जेथे चांगले शिक्षक आहेत तेथे मुद्रा पुष्कळ मिळतात, जेथे नाहीत तेथे थोड्या. आणि तिचे रूपांतर उद्या सक्तीत केले, पण शिक्षक दिले नाहीत, तर ‘येऊन दाखवा’ ही अट गरीब मुलाला दाराबाहेर ठेवणारी कडी होईल. बसण्याची अट मुलाला फसवते; शिक्षकावाचून घातलेली परीक्षेची अट त्याला नापास करते. दोहोंपैकी कोणते वाईट, हे ठरवणे कठीण आहे.

श्रोतेहो, समारोपाला येतो. कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेची अट पुढे आली, की तीन प्रश्न विचारावेत. हिच्यात वर्षे मोजली आहेत की येणे मोजले आहे? जेवढे येणे अपेक्षिले आहे, तेवढे तास आणि तेवढे शिक्षक सर्वांत मागे पडलेल्या शाळेलाही दिले आहेत काय? आणि मुलाच्या घरात जी भाषा आधीच आहे, तिची किंमत धरली आहे की ती पुसून टाकून नवी लिहावयाची आहे? अमेरिकेतील आकडा असा, की २०१७ च्या पाहणीनुसार एकंदर शालेय विद्यार्थ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्साच परकी भाषा शिकत होता. एवढ्या संपन्न देशाची ही स्थिती पैशाच्या अभावी झालेली नाही. ती हे तीन प्रश्न एकत्र न विचारल्यामुळे झाली आहे.

आपल्या महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आहे. म्हणजे अमेरिकन मुलाच्या दोन वर्षांच्या जागी आपले मूल दहा वर्षे बसते. वर्षांचा आकडा आपण मोठा केला आहे. त्या वर्षांत मुलाच्या तोंडून भाषा किती तास बाहेर पडते, आणि ती त्याच्याकडून काढणारा शिक्षक आपल्या गावच्या शाळेत आहे की नाही, हे पाहणे मुंबईच्या मंत्रालयाला दुरून जमणारे नाही. ते येथे बसलेल्या पालकांना, शाळेच्या चालकांना आणि शिक्षकांना जमण्याजोगे आहे. शाळेत जाऊन मुलाला पुस्तकाबाहेरचे चार प्रश्न विचारावेत. त्याची उत्तरे अहवालापेक्षा अधिक सांगतील.